खिडकीकडची पाकळी

मनालीने जास्वंदीच्या दोन पाकळ्या पाण्यात बुडवल्या, एक दगडी खांबाच्या या अंगाला चिकटवली, दुसरी त्या अंगाला, आणि हात मागे बांधून उभी राहिली. सातवीचा अख्खा वर्ग खांबाभोवती गोळा झाला होता. एकदा बोलायला लागला की आवरता न आवरणारा वर्ग, पण आता कुणी हूं की चूं करत नव्हते. खिडकीकडच्या पाकळीची कड सुकून उचलली गेली, जराशी थरथरली आणि पाकळी सुटून खाली फरशीवर पडली.

"परत खिडकीचीच!" पृथ्वीराज ओरडला. त्याने खिशातून काजूची बी काढली आणि खांबाशी रचलेल्या मोठ्या ढिगात टाकली.

ढीग दोन होते. खिडकीकडच्या बाजूचा ओंजळभर बियांचा आणि दुसऱ्या बाजूचा मोजून चार बियांचा. क्रांतीबाई टेबलाशी बसून नुसत्या बघत होत्या. शुक्रवारच्या शेवटच्या दोन तासांना त्यांच्या वर्गात बाईंनी शिकवायचे नाही असा नियम होता, आणि तो त्यांनीच केला होता. कोल्हापूरला एकदा मोठे प्रशिक्षण झाले होते. मुलांनी प्रश्न काढावेत, मुलांनीच करून बघावे, उत्तर शिक्षकाने देऊ नये, असे सांगणारे. बाकीच्या गुरुजनांनी दुपारचा शिरा खाल्ला, कागद पिशवीत घातले आणि विषय संपवला. क्रांतीबाईंनी मात्र ते भलतेच मनावर घेतले. गेल्या चार वर्षांत त्यांच्या वर्गाने ताक कोणत्या भांड्यात लवकर आंबते ते बघितले होते, मुंग्यांची वाट पुसून त्या कुठून वळतात ते बघितले होते, आणि हेडगुरुजींच्या खुर्चीचा एक पाय आखूड असल्याचेही सिद्ध करून दाखवले होते. ते शेवटचे गुरुजींना फारसे आवडले नव्हते.

"आता खिडकी लावून बघायचं," मनाली म्हणाली.

खिडकी लावली. पाकळ्या पुन्हा भिजवल्या, पुन्हा चिकटवल्या. आता कधी ही पडायची, कधी ती, आणि पडायला वेळही फार लागत होता. पोरांचा धीर सुटला, पण मनाली जागची हलली नाही. बारीक चणीची, मोठ्या कपाळाची ही मुलगी बोलायची कमी. पण एखादी गोष्ट धरली की तिच्या तळाशी गेल्याशिवाय सोडायची नाही. बाईंना तिचे फार कौतुक होते आणि ते त्यांना लपवताही येत नसे.

"वाऱ्यानं वाळती, बाई. वाळली की सुटती," तिने शेवटी सांगितले. "वारा ज्या अंगाला, त्या अंगाची पाकळी आधी पडणार."

"शाबास," क्रांतीबाई म्हणाल्या, आणि म्हणता म्हणता त्यांची नजर खालच्या ओल्या फरशीवर गेली. तांबड्या जास्वंदीच्या पाकळ्या. दगड. डावी बाजू, उजवी बाजू. इतका वेळ आपल्या डोळ्यांवर काय झापड आली होती, असे त्यांना झाले.

"मनाली, हा प्रश्न तुला कुठं सुचला?"

मनाली पायाच्या अंगठ्याकडे बघू लागली. उत्तर पृथ्वीराजने दिले, कारण त्याच्या तोंडात तीळ भिजत नसे.

"देवळात, बाई! सोमवारी हिचा कौल हाय."

आजऱ्याच्या त्या डोंगराळ भागात कौल लावत नाही असे गाव नव्हते. लग्न जमवायचे, विहीर पाडायची, बैल विकायचा, माणूस आधी रवळनाथाला विचारायचा. गुरव देवाच्या मूर्तीला दोन ओल्या पाकळ्या लावायचा, एक देवाच्या उजव्या अंगाला, एक डाव्या. उजवी आधी पडली तर हो, डावी पडली तर नाही. त्यावर अपील नव्हते. आणि गेली तीन वर्षे गावात एकच बोलणे होते, की देव रुसलाय. काहीही विचारा, डावीच देतो. दोन जमलेली लग्ने त्यापायी मोडली होती.

"तीन वर्सांमागं देऊळ नवं केलं," मनाली हळू आवाजात म्हणाली. "गाभाऱ्यात धूर कोंडायचा म्हणून भिंत फोडून खिडकी केली. डाव्या अंगाला. देव तवापासनं न्हाय म्हणायला लागलाय. त्या खिडकीनं का, एवढंच बघायचं हुतं मला."

क्रांतीबाई उठल्या आणि आधी त्यांनी व्हरांड्याकडचे दार लोटून घेतले. गावात त्यांची खोली होती ती अंबूबाईंच्या घरात, बौद्धवाड्यात. खोलीच्या भिंतीवर बुद्धाची आणि बाबासाहेबांची तसबीर होती. गाव बाईंना मान देत होते, पोरांना त्यांच्या हाताखाली घालत होते, चतुर्थीला घरचे मोदक पाठवत होते. पण देवाच्या कौलाची परीक्षा बौद्धवाड्यातल्या बाईच्या वर्गात झाली, हे एकदा बाहेर फुटले की तोच मान कुठे जाईल, हे कळायला फार अक्कल लागत नव्हती. भीती वाटली त्यांना. खरीखुरी.

"फरशी पुसून घ्या," त्या म्हणाल्या. "आणि बिया आपापल्या खिशात घाला."

पोरे फरशी पुसत असतानाच दार ढकलून सयाजी गुरुजी आत आले. शाळेचे हेडगुरुजी. आले आणि खांबाजवळ थांबले.

"काय चाललंय, बाई?"

"बाष्पीभवन," क्रांतीबाई म्हणाल्या. खोटे नव्हते ते.

गुरुजींनी वाकून एक पाकळी उचलली, बोटांत फिरवली. "जास्वंदच कशाला मग?"

"शाळेच्या कुंपणाला तीच आहे."

गुरुजींनी पाकळी टेबलावर ठेवली. मग पोरांना ऐकू जाणार नाही इतक्या आवाजात म्हणाले, "तुमचं काम चांगलं आहे, मी वरसुद्धा तसंच सांगतो. पण काही प्रश्न पोरांनी विचारले नाहीत तरी चालतं. तुमच्या वर्गात तर नकोच."

'तुमच्या' म्हणजे काय, ते बाईंना बरोबर समजले. त्यांनी मान हलवली.

संध्याकाळी त्या मनालीच्या घरी गेल्या. तिचा बाप कृष्णात अंगणात वाळत घातलेल्या काजूबिया गोळा करत होता. बाईंना बघून त्याने घाईने खांद्यावरचा टॉवेल झटकला आणि घोंगडे अंथरले. सरळ माणूस. शाळेचे कौलारू छप्पर गळायला लागले तेव्हा न बोलावता शिडी घेऊन आलेला.

"बसा, बाई. च्या टाकाय सांगतो."

"चहा नको, भाऊ. मनालीचं विचारायला आलेय. आठवीचं."

कृष्णात खाली बसला. त्याने एक काजूबी उचलली आणि नखाने उगाच खरवडू लागला.

गावातली शाळा सातवीपर्यंतच होती. हायस्कूल खिंडीपलीकडच्या गावात. एसटी तिकडे जात नव्हती, पायवाट रानातून होती. पूर्वी पोरी त्या वाटेने घोळक्याने जायच्या. पण गेल्या थंडीत लाकडे आणायला गेलेल्या चिमणाबाईला खिंडीत गव्याने उचलून आपटले, आणि त्यानंतर वाटेवरच्या पोरी एकेक करून कमी झाल्या. चिमणाबाईला घोंगड्याच्या झोळीत घालून खाली आणणाऱ्या चौघांत कृष्णात होता. ती वाचली. पण अजून सरळ चालत नव्हती.

"बाई, ती वरडत हुती ना, ते अजून कानात हाय माझ्या," तो म्हणाला. "पोरीला जा म्हटलं आन काय झालं, तर मी मेलेलाच की. आन न्हाय म्हटलं, घरात ठेवली, तर जल्मभर बघणार माझ्याकडं. बोलायची न्हाय ती. नुसती बघंल. ते बी सोसायचं न्हाय मला."

"आजऱ्याला कुणाकडे ठेवता येईल?"

"माझं कोण हाय आजऱ्यात?" त्याने बी टोपलीत टाकली. "लई डोकं चालवलं, बाई. न्हाय ठरत. म्हणून देवावर टाकलंय. सोमवारी कौल. उजवी दिली तर जाईल, डावी दिली तर ऱ्हाईल. मग माझ्यावर बी बोल न्हाय, तिच्यावर बी न्हाय."

क्रांतीबाईंच्या जिभेवर खिडकी आली होती. कृष्णात भाऊ, देवाने सांगितलेले ऐका, पण आधी ती खिडकी लावा. एवढे एक वाक्य. त्यांनी स्वयंपाकघराच्या दाराकडे बघितले. तिथे मनाली उंबऱ्यावर उभी होती आणि बाईंकडे बघून मान हलवत होती. नको म्हणून.

परत जाताना ती बाईंना पोचवायला बौद्धवाड्याच्या वळणापर्यंत आली.

"का नको?" बाईंनी विचारले. "तुझ्या आयुष्याचा प्रश्न आहे, मनाली. खिडकी उघडी राहिली तर डावीच पडणार, हे तूच आज दाखवलंस."

"मी सांगितलं तर म्हणतील, कुणी शिकवलं," मनाली म्हणाली. "तुमी सांगितलं तर इचारायलाच नको."

बाईंना चालता चालता थांबावे लागले. बारा-तेरा वर्षांची पोर आपल्याला पाठीशी घालतेय, हे त्यांच्या ध्यानातच आले नव्हते. लाजही वाटली आणि मायाही. आणि त्या भरात, एरवी कधी केले नसते ते त्यांनी केले.

"कौलाची फुलं कोण देतं गुरवांच्या हातात?"

"ज्याचा सवाल त्याच्या घरचं माणूस. मीच देणार हाय."

"मग ऐक." त्यांनी आवाज खाली आणला. "उजवीकडची पाकळी पातळ दे, कडेची, अर्धी वाळलेली. डावीकडची आतली, जाड, भरपूर भिजवलेली. वारा असला तरी उजवी आधी पडेल."

बोलून झाल्यावर त्यांचे त्यांनाच कसेसे झाले. चार वर्षांत या पोरीला त्यांनी एकदाही उत्तर दिले नव्हते, आणि दिले ते हे.

मनालीने वाटेतला एक खडा पायाने बाजूला सारला.

"पण बाई, आप्पा देवाला इचारणार," ती म्हणाली. "आन उत्तर तुमी देणार. मग आप्पाला खोटंच सांगितल्यागत झालं की."

एवढे बोलून ती मागे वळली आणि भराभर चालू लागली. बाई कितीतरी वेळ तिथेच उभ्या होत्या. अंबूबाईंनी ओसरीवरून हाक मारली तेव्हा कुठे त्या घराकडे निघाल्या.

शनिवार-रविवार कसा गेला, ते त्यांचे त्यांनाच ठाऊक. दोनदा त्या केरबा गुरवाच्या घराच्या दिशेने निघाल्या आणि दोनदा अर्ध्या वाटेतून परत आल्या. अंबूबाईंना काहीतरी वास लागला असावा. "बाई, तुमी त्यात पडू नगासा," त्या भाकरी थापता थापता म्हणाल्या. "आमी हितं ऱ्हातो. तुमची बदली हुईल, आमची कुठं हुणार?" बाईंच्या पानातली भाकरी तशीच राहिली.

सोमवारी शाळा सुटल्यावर देवळापुढे बरीच माणसे जमली होती. कौल म्हटला की गाव येतेच, आणि पोरीच्या शाळेसाठी कौल हे नवीन होते. क्रांतीबाई पायऱ्यांखाली, चपला काढून ठेवलेल्या होत्या त्याच्या जवळ थांबल्या. देवळात त्या कधीच जात नव्हत्या. तो त्यांचा स्वतःचा निर्धार होता, आणि कुणी त्यांना चला असे म्हटलेही नव्हते. तिथून गाभारा सरळ दिसत होता. समईच्या उजेडात काळ्या दगडाचा रवळनाथ, आणि त्याच्या डाव्या हाताला ती नवी, चौकोनी, जाळीची खिडकी. बाहेर पिंपळाची पाने सळसळत होती. वारा चांगलाच होता.

केरबा गुरवाने मूर्ती पुसली, हात धुतले. कृष्णात समोर हात जोडून उभा राहिला.

"देवा, पोरीला खिंडीतनं हायस्कुलात धाडू का? हो तर उजवी दे, न्हाय तर डावी दे."

मनालीने वेताच्या पाटीतली फुले उचलली. बाई टाचा उंचावून बघू लागल्या. पोरीने एकच जास्वंद घेतली. त्याच फुलाच्या शेजारशेजारच्या दोन पाकळ्या तोडल्या, एकावर एक ठेवून सारख्या आहेत की नाहीत ते बघितले, तांब्यात दोन्ही एकदमच बुडवल्या आणि एकदमच बाहेर काढल्या. एक गुरवाच्या उजव्या हातावर ठेवली, एक डाव्या. काही कमी नाही, काही जास्त नाही. बाईंनी डोळे मिटून घेतले. वेडी पोर, त्या मनात म्हणाल्या. अगं वेडे, हा काय वर्ग आहे?

फार वेळ लागलाच नाही. डावीकडची पाकळी कडेने उचलली गेली, फडफडली आणि देवाच्या पायाशी पडली.

"डावी," केरबा म्हणाला.

माणसांतून एक सुस्कारा गेला. कृष्णातने जोडलेले हात कपाळाला लावले आणि ते तसेच ठेवले. त्याला बरे वाटले की वाईट, ते त्या हातांमागे दिसत नव्हते. जवळच उभे असलेले धोंडीराम पाटील, देवळाचे मानकरी, घसा साफ करून म्हणाले, "झालं. देवानं सांगितलं. चला."

क्रांतीबाईंनी पहिल्या पायरीवर पाय ठेवला. आपण हे काय करतोय हे त्यांना कळत होते. अंबूबाईंचे बोलणे आठवत होते, सयाजी गुरुजींचेही. पण आता गप्प बसले तर आरशात तोंड बघता यायचे नाही, एवढे एकच त्यांना समजत होते. त्यांनी तोंड उघडले.

"गुरवकाका, फिरवून इचारा," आतून मनालीचा आवाज आला.

बाईंचे शब्द तोंडातच राहिले.

"काय?" धोंडीराम पाटील म्हणाले.

"फिरवून." मनालीने पाटलांकडे बघितलेच नाही. ती केरबाकडे बघत होती. "न्हाय आलं तर सवाल फिरवून इचारायची रीत हाय. मागल्या सोमवारी तुमीच सांगितलंसा मला."

केरबा गुरवाने ओल्या हाताने कपाळ पुसले. "हाय की," तो सावकाश म्हणाला. "माझा बा फिरवायचा. आता कोण फिरवत न्हाय. एकदा न्हाय आलं की मानूस गुमान घरला जातो."

"देवाला दोनदा इचारायचं म्हंजे इस्वास न्हाय म्हणायचं का?" पाटलांचा आवाज चढला. "हे कुणी शिकवलं गं तुला?"

दोन-चार माना मागे वळल्या आणि पायरीवर उभ्या असलेल्या बाईंपाशी थांबल्या. क्रांतीबाईंनी पाय मागे घेतला नाही. पुढेही टाकला नाही.

"शिकवायचं काय त्यात?" केरबा म्हणाला. "गुरवाची रीत हाय, पाटील. पर ज्याचा सवाल त्यानं म्हणाय पायजे. पोरीनं म्हणून चालायचं न्हाय."

आता सगळे कृष्णातकडे बघू लागले. त्याला नुकतेच सगळ्यातून सोडवले होते. नाही म्हणायचे पाप देवाने स्वतःच्या माथी घेतले होते आणि त्याने फक्त घरी जायचे होते. त्याने मनालीकडे बघितले. ती रडत नव्हती, विनवत नव्हती. नुसती बघत होती, आणि तेच त्याला सोसत नव्हते.

"फिरवा," कृष्णात म्हणाला.

मनालीने दुसरी जास्वंद घेतली. पुन्हा शेजारच्या दोन पाकळ्या, पुन्हा एकदम बुडवल्या, एकदम काढल्या. केरबाने त्या मूर्तीला लावल्या.

"देवा," कृष्णात म्हणाला, "पोरीला घरात ठेवू का? शाळा बंद करू का? हो तर उजवी दे, न्हाय तर डावी दे."

आणि वारा पडला.

क्रांतीबाईंना ते आधी पिंपळावरून कळले. सळसळ थांबली होती. दिवस मावळायला आला की त्या खोऱ्यात वारा असाच मध्येच बसतो, हे त्यांना चार वर्षांत माहीत झाले होते, पण या वेळी ते आठवले नव्हते. खिडकी लावल्यावर पाकळ्या कशा कधीही, कुठल्याही बाजूने पडत होत्या, ते त्यांनी आपल्या डोळ्यांनी बघितले होते. उजवी पडली तर देवाने दोन्हीकडून एकच सांगितले असे होणार. पोर घरात, कायमची. त्यांनी गाभाऱ्यात मनालीकडे बघितले. तिलाही कळले होते. आतापर्यंत ती ठामपणे उभी होती, आता तिने पाटीची कड घट्ट धरली.

पाकळ्या जागच्या हलत नव्हत्या. कुणीतरी खोकले. उजवीकडची पाकळी किंचित खाली सरकली, दगडावर ओला पट्टा उमटला, आणि ती पुन्हा थांबली. क्रांतीबाई ज्याला मानत नव्हत्या त्या देवाला त्या क्षणी काय काय म्हणाल्या, ते त्यांनी नंतर कधी कुणाला सांगितले नाही.

समईची ज्योत वाकली. मग पिंपळ एकदा सळसळला, आणि डावीकडची पाकळी सुटली.

"डावी," केरबा म्हणाला, आणि स्वतःच दचकला.

धाडू का, तर नाही. ठेवू का, तर नाही. माणसे एकमेकांच्या तोंडाकडे बघू लागली. खिडकीकडे कुणाचेही लक्ष गेले नाही. मनालीने मात्र एकदा, ओझरते, तिकडे बघितले आणि लगेच नजर खाली घातली. क्रांतीबाईंनी ते टिपले. पाकळीची लबाडी न करणाऱ्या या पोरीने वाऱ्याबद्दल मात्र अवाक्षर काढले नव्हते. ती लबाडी होती की नव्हती, हे बाईंना ठरवता येईना, आणि तिला कधी विचारण्याचा हक्क आपल्याला उरलाय असेही त्यांना वाटेना.

"आता रं, केरबा?" कृष्णातने विचारले.

केरबाने देवाच्या पायाशी पडलेल्या पाकळ्या गोळा केल्या. "दोनीकडनं हात काढला देवानं," तो म्हणाला. "तुझं तू बघ, असंच म्हणतोय बघ. मी दुसरं काय सांगू?"

कृष्णात बाहेर आला आणि मंडपाच्या कडेला टेकून खाली बसला. माणसे हळूहळू पांगू लागली, तरी पुष्कळजण रेंगाळले, कारण असा कौल कुणी बघितला नव्हता. मनाली पाटी घेऊन बापासमोर येऊन उभी राहिली. त्याने बराच वेळ मान वर केली नाही. शेजारी, भाऊबंद, केरबा, पाटील, देव, सगळ्यांना विचारून झाले होते. तिला विचारायचे कुणाला सुचले नव्हते. त्यालाही नाही.

"गवा आडवा आला तर काय करशील?" त्याने विचारले.

मनालीने पाटी या हातातून त्या हातात घेतली.

"म्हाईत न्हाय, आप्पा."

मागे कुणीतरी हसले. कृष्णात हसला नाही.

"तुमी काय करता?" तिने विचारले.

"मी?" त्याने चेहऱ्यावरून हात फिरवला. "मी थांबतो. पळायचं न्हाय. पळालं की त्यो मागं लागतो. वाट सोडून द्यायची, वरच्या अंगाला चढायचं, आन त्याला जाऊ द्यायचं. कळपाचं एवढं भ्या न्हाय. एकटा म्हातारा गवा असला, तर त्यो वाईट. चिमणाबाईला त्यानंच उचललं."

"एकटा हाय का कळपातला, ते लांबनं कळतं?"

"कळतं की."

"कसं?"

कृष्णातने उत्तर द्यायला तोंड उघडले, हाताने हवेत काहीतरी दाखवले, मग हात खाली घेतला. उठून उभा राहिला. पायऱ्या उतरून तो बाईंच्या शेजारून गेला, पण त्याला त्या दिसल्या नसाव्यात. मनालीला दिसल्या. ती क्षणभर थबकली, बाईंनी काही बोलू नये म्हणून की बोलावे म्हणून, कोण जाणे. बाई बाजूला सरल्या.

"कसं, आप्पा?" तिने पुन्हा विचारले.

"असं बोलून न्हाय कळायचं," कृष्णात म्हणाला. चपलांच्या गर्दीतून त्याने पोरीच्या चपला पायाने पुढे सारल्या. "अजून उजेड हाय. चपला घाल."

तिने पाटी पायरीवर ठेवली, चपला घातल्या, आणि बापलेक घराकडे न वळता खिंडीच्या वाटेला लागले.